कोराकोरेचा तिसरा ठेका

हातुवाएल गावच्या ढोल्या बाल्तासारला कुणी वय विचारलं, तर तो म्हणायचा, "आमच्या कोराकोरेपेक्षा एका पावसाळ्यानं लहान." गावाची ती लढाऊ नाव वाळूवर बांधून होत आली तेव्हा तो आईच्या पोटात होता. नाव पहिल्यांदा पाण्यात लोटली त्या दिवशी गावजेवणातल्या थोरल्या माशाचं डोकं त्याच्या आईनं एकटीनं संपवलं. म्हणून पोराचं डोकं एवढं मोठं आणि आतून रिकामं निपजलं, असं त्याची बायको सुसाना चारचौघांत सांगायची. बाल्तासार हसायचा. बायको खोटं बोलते असं म्हणण्याची त्याची कधी छाती झाली नाही.

पण नाव होती मात्र देखणी. लांब, निमुळती, दोन्ही टोकं आभाळाकडे वळलेली. दोन्ही अंगांना बांबूचे पंख पाण्यावर तरंगत असायचे, आणि त्या पंखांच्या आडव्या दांड्यांवरसुद्धा वल्हेकरी बसायचे. लाटेनं ज्याचं ढुंगण धुतलं नाही तो वल्हेकरी नव्हे, असं आमच्याकडे म्हणतात. मधे माडाच्या झावळ्यांच्या छपराखाली गावाचा पाती, म्हणजे आमचा मुखिया, बसायचा, आणि त्याच्या पुढ्यात ढोल. ढोल थांबला की वल्ही थांबायची. पाती ओरडून ओरडून घसा फोडील, पण साठ माणसांचे हात ऐकायचे ते ढोलाचंच.

हा ढोल बाल्तासारच्या आज्याकडून त्याच्याकडे आला. आजा तुहे जुन्या काळचा, बाप्तिस्म्याआधीचा, आणि शेवटपर्यंत बऱ्यापैकी तसाच राहिलेला. त्यानं नातवाला तीन ठेके शिकवले. पहिला घरचा, रोजच्या वल्हवण्याचा. दुसरा भावाचा. भावाच्या गावच्या खाडीत शिरताना तो वाजवायचा, आणि किनाऱ्यावरून त्यांच्या ढोलानं त्याला जाब द्यायचा. तिसरा वैऱ्याचा. तिसरा ठेका खऱ्या लढाईखेरीज नावेवर वाजवायचा नाही, नाहीतर नाव रुसते. म्हणून तो पोरानं नारळाच्या करवंटीवर, तोही बोटांच्या टोकांनी, शिकून घेतला.

"आणि हे ध्यानात ठेव," आजा म्हणायचा, "लांब होडी कुणीही बांधतो. जी दिसली की वैऱ्याची पोरं रानात पळतात आणि भावाची पोरं पाण्यात धावतात, ती कोराकोरा. बाकी सगळी होडकी."

बाल्तासार मोठा झाला तेव्हा वैरी कोण आणि भाऊ कोण हे ठरवणं आमच्या हातात उरलं नव्हतं. ते खाडीपलीकडच्या दगडी किल्ल्यात ठरायचं. तिथं वलंदेज, म्हणजे डच, बसले होते. त्यांना लवंग हवी होती, आणि दुसऱ्या कुणाला ती मिळायला नको होती. आमच्या बेटांवर लवंग राहू द्यायची, आणि पलीकडे सेराम बेटाच्या किनाऱ्यावरची झाडं मुळासकट काढायची, असा त्यांचा कायदा. तोडायला स्वतः कोण जाणार? उन्हानं त्यांची कातडी सोलते. म्हणून दरसाल वारा पडला की हुकूम यायचा. प्रत्येक गावानं आपली कोराकोरा, आपले वल्हेकरी, आपली साबूदाण्याची भाकरी घेऊन निघायचं, आणि किल्ला दाखवील त्या किनाऱ्यावर कुऱ्हाड चालवायची. दिवसाची मजुरी म्हणाल तर शिव्या, आणि त्याही कळत नसत.

न जाण्याची सोय नव्हती. एका गावानं एकदा सांगितलं, आमच्या नावेला भोक पडलंय. किल्ल्यानं त्यांची घरं जाळली आणि म्हणाला, आता बुजवायला वेळच वेळ आहे.

सेरामच्या बाजूला लवंगेचं झाड म्हणजे नुसतं झाड नाही. घरात पोर जन्मलं की बाप एक रोप लावतो आणि पोराचं नाव त्याला देतो. झाड वठलं की त्या पोराच्या आईच्या तोंडचं पाणी पळतं. अशी झाडं बाल्तासारनं किती पाडताना पाहिली याचा हिशेब त्यानं ठेवला नाही. कुऱ्हाडी बाकीच्यांच्या हातात असायच्या, त्याच्या हातात ढोल. तोडताना हात एका लयीत पडावेत म्हणून तो पहिला ठेका, घरचा ठेका, वाजवायचा. घरी आल्यावर पुढे कित्येक दिवस त्याला घरात कुणी मुसळ आपटलेलं खपायचं नाही.

एकदा सुसाना मीठ विकणाऱ्या बायकांकडून एक गोष्ट ऐकून आली. पानावर साबूदाण्याची चिकट लापशी आणि माशाचा रस्सा वाढता वाढता तिनं ती सांगितली.

"सेरामच्या बायका पोरांना झोपवताना काय म्हणतात, ठाऊक आहे? झोप, नाहीतर कोराकोरा येईल."

बाल्तासारचा हात पानावरच राहिला.

"कुणाची पोरं?"

"सगळ्यांची. आपल्या भाऊगावची पण. तुझ्या आज्याला तिकडे स्वर्गात सांग आता, नाव चांगली गाजते आहे म्हणून."

"मी काय करू? मी ढोल वाजवतो फक्त."

"अस्सं! दांडा पण हेच म्हणतो, मी लाकडाचा तुकडा फक्त, पातं तोडतंय. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे काय उगीच म्हणतात?" सुसानानं रश्श्याचं भांडं आपटलं. "जेव. थंड झालं की घशाखाली उतरत नाही."

ते तसंही उतरलं नाही.

भाऊगाव म्हणजे काय ते इथं सांगायला हवं. सेरामच्या पश्चिम टोकाला नुनुसाली नावाचं गाव. आमच्या आणि त्यांच्या पूर्वजांनी कधीकाळी ताडीत एकमेकांचं रक्त मिसळून ती एकाच करवंटीतून प्याली. तेव्हापासून ती दोन गावं एका आईची. ते मशिदीत जातात, आम्ही क्रुसाच्या देवळात. आमच्या देवळाचं छप्पर त्यांनी शाकारलं, आणि त्यांच्या मशिदीचे खांब आमच्या रानातले. आपसात सोयरीक होत नाही, कारण बहिणीशी कोण लग्न लावतं? आणि भाऊ जे मागेल त्याला नाही म्हणता येत नाही. नुनुसालीचा माणूस आमच्या अंगणातला कोंबडा धरताना दिसला, तर आमची बाई त्याला आणखी एक कुठं लपलाय ते सांगते. ही शपथ मोडली तर रक्त उलटतं. त्यानं अख्खी गावं खंगून गेलेली म्हाताऱ्यांनी पाहिली आहेत.

आणि त्या वर्षी किल्ल्यानं हातुवाएलच्या कोराकोरेला खाडी दाखवली ती नुनुसालीची.

नावेवर एक वलंदेज नाईक, दोन बंदुकवाले आणि एक दुभाषी चढवले होते. नाईकाचं तोंड उन्हानं इतकं लाल झालं होतं की पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव उकडलेला खेकडा ठेवलं. दुभाषी किल्ल्याच्या पायथ्याशी वाढलेला, दोन्हीकडे हसणारा. बाकीच्या गावांच्या नावा पुढच्या किनाऱ्यांकडे वळल्या, आणि नुनुसालीच्या टोकापाशी आमची एकटीच उरली.

पाती द्योगु छपराखालून वाकून बाल्तासारच्या कानाशी आला. हा पाती वाईट माणूस नव्हता. त्याच्या मागे गाव होतं, गावात झावळ्यांची घरं होती आणि किल्ल्यात मशाली होत्या, एवढंच.

"ऐक. ढोल वाजवायचा नाही. नुसती वल्ही मारत आत शिरायचं. भावाचा ठेका नाही, वैऱ्याचा नाही, कुठलाच नाही. म्हणजे आपण कुणीच नाही. कुणीच आलं नाही, तर शपथ तरी कशी मोडेल?"

"म्हणजे रक्ताला फसवायचं, पाती?"

"रक्ताला कान नसतात."

"नुनुसालीला आहेत."

"तुला दुसरं काही सुचतंय? सुचत असेल तर बोल. नसेल तर हात मांडीवर ठेवून बस. माझ्या गावची छपरं तुझ्या ढोलापेक्षा मोठी आहेत."

बाल्तासारला काहीही सुचलं नव्हतं, हे खरं. पण आपण कुणीच नाही म्हणून भावाच्या दारात चोरासारखं शिरायचं, याचा त्याला असा काही संताप आला की पुढचा विचार करायला जागाच उरली नाही. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांनी सांगितलेलं वाजवलं होतं. आता तर वाजवूसुद्धा नको म्हणत होते. नाव टोकाला वळसा घालून खाडीत शिरली, पलीकडे मशिदीचं छप्पर आणि त्यामागे लवंगांचा हिरवा उतार दिसला, आणि त्यानं ढोलावर दोन्ही पंजे टाकले.

दुसरा ठेका. भावाचा. तोही असा, की दोन्ही अंगांचे वल्हेकरी दचकून ताठ बसले.

"मेल्या!" पाती कळवळला. "काय केलंस?"

"आलोय ते सांगितलं."

खेकडा खूष झाला. त्याला ढोल म्हणजे ढोल. त्यानं मान डोलावून ताल धरला. पण किनाऱ्यावरून जाब आला नाही. बाल्तासारनं पुन्हा वाजवलं. वाळूवर खेळणारी पोरं उठली, त्यांनी नावेची वळलेली टोकं पाहिली, आणि किंचाळत रानात पळाली. ते पाहून बांबूच्या पंखावर बसलेला एक म्हातारा वल्हेकरी मोठ्यानं रडायला लागला. त्याला कुणी गप्प केलं नाही.

तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा मशिदीच्या बाजूनं ढोल बोलला. हळू, नाइलाजानं, पण बोलला. आता दोन्ही गावं शपथेत उभी होती, आणि बाहेर पडायला वाट नव्हती.

वाळूवर सालिहा आजी सामोरी आली. नुनुसालीत पुरुष पुष्कळ, पण शब्द हिचा. हातात विड्याचं ताट. मागे तिच्या गावची माणसं, प्रत्येकाच्या हातात आपापली कुऱ्हाड.

"भावाचा ठेका वाजवून आलात," ती पातीला म्हणाली. "विडा घ्या. काय हवंय?"

पातीनं विडा घेतला. दुभाष्यानंच सांगितलं, झाडं तोडायची आहेत, सगळी.

"भाऊ मागतोय?"

पातीनं खाली बघत मान हलवली.

"मग न्या. नाही म्हणणारी मी कोण? तुमची दमणूक नको म्हणून आमच्याही कुऱ्हाडी आणल्यात. हे पहिलं झाड माझ्या धाकट्याचं. तो बुडाला त्याला बरीच वर्षं झाली, झाड अजून फुलतं. यापासून सुरू करा. चांगलं जाडजूड आहे, हात गरम होतील."

नाईकानं दुभाष्याला विचारलं, म्हातारी काय म्हणते? दुभाषी म्हणाला, परवानगी देते. नाईक म्हणाला, शहाणी आहे.

बाल्तासार नावेवरून उतरून पुढं आला. खरं तर ढोल्यानं ढोल सोडायचा नसतो.

"आजी, आम्ही मागितलं. तुम्ही काही मागणार नाही?"

"तुमच्याकडे? ज्यांनी नाक किल्ल्यावर गहाण टाकलंय त्यांच्याकडे काय मागायचं? शेंबूड?"

मागची माणसं हसली. बाल्तासारचे कान तापले, पण तो हलला नाही.

"शिव्या पोटभर घाला. पण मागा. भावाचा ठेका दोन्ही बाजूंनी वाजलाय. आम्हाला मागता येतं तसं तुम्हालाही येतं. भीक नाही म्हणत मी, हक्क म्हणतोय. की एवढ्या मोठ्या नुनुसालीला आता मागायलाही कुणी उरलं नाही? सगळे फक्त द्यायला शिकलात वाटतं!"

"ए ढोल्या, जीभ आवर!" मागून कुणीतरी ओरडलं.

सालिहा आजीनं मात्र हात वर केला. तिनं आधी बाल्तासारकडे पाहिलं, मग नाईकाकडे, मग बंदुकांकडे, आणि शेवटी त्या सगळ्यांच्या मागे पाण्यात डुलणाऱ्या नावेकडे. बाल्तासारला वाटलं होतं ती कुऱ्हाडी मागेल. कुऱ्हाडी दिल्या की काम खुंटलं, एवढंच त्याच्या मोठ्या रिकाम्या डोक्यात आलं होतं.

"मागते," ती म्हणाली. "मला तुमची कोराकोरा द्या. आत असेल नसेल त्यासकट."

कुऱ्हाडी नावेतच होत्या, भाकरीचे गठ्ठे नावेत होते, ढोल नावेत होता. आज्यानं ज्या नावेच्या फळीवर बसवून त्याला ठेके शिकवले ती नाव. कोराकोरा गेलेलं गाव म्हणजे नाव नसलेलं गाव. लग्नात कुणी पहिला विडा देत नाही, पंचायतीत मागे बसवतात. बाल्तासारला एकदम वाटलं, म्हणावं, आजी, दुसरं काही मागा, माझं घर मागा. ते शब्द त्याच्या दातांपर्यंत आले होते. त्यानं ते तिथंच चावून धरले आणि पातीकडे पाहिलं, कारण नाव देणं ढोल्याच्या हातात नसतं.

पाती द्योगुचं वर्षानुवर्षं झुकलेलं डोकं वर आलं.

"दिली," तो म्हणाला. आणि मग, हे ऐकायला अख्खी खाडी जमली आहे अशा आवाजात, "हातुवाएलची कोराकोरा आजपासून नुनुसालीची! भावानं मागितली, भावानं दिली!"

दुभाष्यानं हे भाषांतर करता करता दोन पावलं मागं घेतली. खेकडा उकडलेला होताच, आता फुटायच्या बेताला आला.

"ती नाव किल्ल्याची आहे!"

"किल्ल्याची?" पाती म्हणाला. "किल्ल्यानं एक फळी दिली? एक दोर वळला? नावेच्या मुहूर्ताला किल्ल्याचा कोण जेवायला होता?"

"माझा हुकूम आहे. झाडं तोडा!"

"तोडतो की. कुऱ्हाडी द्या."

"नावेत आहेत!"

"नाव आमची नाही. लोकांच्या नावेत हात घालणं आमच्यात चोरी समजतात. सांग रे साहेबाला, आम्ही बाप्तिस्मा घेतलेली माणसं आहोत, चोरी करत नाही."

साठ वल्हेकरी वाळूवर मांड्या घालून बसले; भावाच्या हातातल्या कुऱ्हाडी मात्र कुणी मागितल्या नाहीत. बंदुकवाल्यांनी बंदुका रोखल्या, पण दोन बंदुका आणि दोन गावं, हा हिशेब त्यांनाही जमत होता. नाईकानं नुनुसालीच्या माणसाच्या हातची कुऱ्हाड ओढली आणि स्वतःच सालिहा आजीच्या धाकट्याच्या झाडावर घाव घातला. एक, दोन, आणि दम लागला. तिनं त्याला शहाळं पाठवलं. त्यानं ते प्यायलंही.

घरी जायला नाव नव्हती. तेव्हा आम्ही भावाकडे होड्या मागितल्या, आणि भावाला नाही म्हणता येत नाही. त्यांनी मासेमारीची होडकी काढली. नाईकाला त्यांनी मुद्दाम ज्यात सुकट वाहतात ते होडकं दिलं.

एवढं सगळं फुकट पचत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. किल्ल्यानं पातीला बेड्या घालून दूरच्या बेटावर धाडलं. तो परत आला नाही. जहाजावर चढवताना त्यानं गर्दीत बाल्तासारला शोधलं आणि हसून ओरडला, "रक्ताला कान असतात रे!" बाल्तासारला किल्ल्याच्या अंगणात उभं केलं. खुर्चीवरच्या वलंदेजानं दुभाष्याकरवी विचारलं, "कोराकोरा म्हणजे किल्ल्याच्या हुकमानं चालणारी नाव. हे तुला ठाऊक नव्हतं?"

"नाही, साहेब. ती जिच्यावर तीन ठेके वाजू शकतात ती नाव. तुमच्या हुकमानं एकच वाजायचा, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही होडक्यातून फिरत होतात. फसवलं तुम्हाला कुणीतरी."

दुभाष्यानं यातलं किती सांगितलं देव जाणे. जेवढं सांगितलं तेवढं चाबकाला पुरलं. पाठ फुटली, आणि वर हुकूम झाला, हातुवाएलच्या ढोलाला पुन्हा हात लावलास तर हात मनगटापासून उतरवू. सुसानानं त्याच्या पाठीला हळद-तेल लावलं. "ढोल तर गेलाच नावेबरोबर," ती म्हणाली, "आता हात लावशील कशाला? मूर्ख आहेत मेले." मग तिनं कपाळ त्याच्या खांद्याला टेकवलं.

घरं जाळली तर नाव कोण बांधणार, म्हणून किल्ल्यानं छपरं सोडली आणि गावाला नवी कोराकोरा बांधायचा हुकूम दिला. आम्ही मान डोलावली. पुनवेला तोडलेल्या लाकडाला भुंगा लागतो, हे आमच्या दुधपित्या पोरालाही ठाऊक. आम्ही पुनव बघून झाड पाडलं. नाव अर्धी व्हायची आणि चाळण व्हायची. किल्ल्याचा माणूस येऊन बघायचा, आम्ही कपाळाला हात लावून नशिबाला बोल लावायचो, आणि पुढच्या पुनवेची वाट बघायचो.

नुनुसालीची झाडं वाचली का? सगळी नाही. पुढच्या साली दुसऱ्या गावांच्या नावा पाठवून किल्ल्यानं खालचा उतार साफ केला. वरचा उतार राहिला, कारण खाडीच्या तोंडाशी आमचीच जुनी कोराकोरा भरल्या वल्ह्यांनी आडवी उभी असायची आणि तोडायला आलेल्यांना वर चढायची घाई नसायची. पण आमच्या हातून एक पान पडलं नाही. बाल्तासार ते कधी बढाईनं सांगायचा नाही. विचारलं तर सांगायचा.

त्याचे केस पिकले. तो साबूदाण्याच्या झाडाचे ओंडके कुटायचा, जाळी विणायचा, आणि बोटं मोकळी असली की करवंटी शोधायची. आणि एका सकाळी, भर उजेडात, किल्ल्याच्या पहारेकऱ्यांना दिसेल अशा अंतरावरून, समुद्रावर ढोल वाजला.

दुसरा ठेका. कच्च्या हातांनी वाजवलेला, पण भावाचा.

हातुवाएलकडे जाब द्यायला ढोल नव्हता. बाल्तासारनं साबूदाणा धुवायची लाकडी डोणी पालथी घातली आणि तिच्यावर जाब दिला. तोवर गावातली पोरं कमरेइतक्या पाण्यात गेली होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ही नाव त्यांच्या जन्माआधी गावातून गेलेली. तिची वळलेली टोकं दिसली आणि ती धावली, एवढंच. बाल्तासार डोणीपाशी उभा राहून ते बघत होता आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

नावेतून सालिहा आजीचा थोरला मुलगा उतरला. आजी गेली होती. त्यानं विडा पुढे केला आणि वेळ न दवडता म्हणाला, "सेरामचा सगळा किनारा उठलाय. वलंदेजांच्या चौक्या जाळल्या. नाव आहे, ढोल आहे. पण पोरांना पहिले दोनच येतात. तिसरा ठेका कुणाला येतो?"

सगळ्यांनी बाल्तासारकडे पाहिलं.

"आम्ही मागायला आलोय," आजीचा मुलगा पुढं म्हणाला. "भावांनो, आम्हाला तुमचा ढोल्या द्या."

नव्या पातीनं सुसानाकडे पाहिलं. नियमानं पाहायची गरज नव्हती, पण पाहिलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"न्या," ती म्हणाली. "घोरतो फार. आणि किल्ल्यानं हातुवाएलच्या ढोलाला हात लावायला मना केलंय, हा तर नुनुसालीचा. काय रे, कळतंय का मोठ्या डोक्यात?" आणि तो पाण्यात उतरेपर्यंत तिनं त्याचा हात सोडला नाही.

छपराखाली त्याची जागा तशीच होती. ढोलाचं कातडं नवं होतं, लाकूड जुनं. त्यानं अंगठ्यानं कड चाचपली. भोवती नुनुसालीचे वल्हेकरी, आणि त्यांच्यात न विचारता चढून बसलेले आमचे काही. समोर खाडीपलीकडे किल्ल्यावर कुणीतरी नाव पाहून धावाधाव करत होतं.

"आजोबा," एका वल्हेकऱ्यानं विचारलं, "कुठला धरायचा?"

आयुष्यभर करवंटीवर बोटांच्या टोकांनी जो वाजवला, तो ठेका बाल्तासारनं दोन्ही पंजे उघडून ढोलावर घातला, आणि कोराकोरा किल्ल्याकडे वळली.